मोरीवरून फिरलेली गाडी

वारूळवाडीत, जुन्या पुणे–नाशिक रस्त्याला लागून सयाजीचं गॅरेज होतं. वर पत्रे, खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन आणि मागं दोन खोल्यांचं घर. टोमॅटोचे पिकअप, दुधाच्या गाड्या, ट्रॅक्टर, कामाला तोटा नव्हता. पण सयाजीचा जीव रमायचा तो जुन्या पेट्रोलच्या गाड्यांत. नव्या गाडीला मशीन लावलं की मशीनच सांगतं काय दुखतंय ते. जुनीला आपण विचारायचं असतं, आणि तीही धड सांगत नाही. मग कानानं, नाकानं, हाताच्या तळव्यानं ओळखायचं.

श्रावणातल्या एका दुपारी भिमाजी त्याची पांढरी व्हॅन घेऊन आला. भिमाजीचं गाव लांब, डिंभ्याच्या पाण्याच्याही वर, भीमाशंकरच्या रस्त्याला. भाताची चार खाचरं, हिरड्याची झाडं आणि ही व्हॅन. श्रावणी सोमवारी देवाला जाणारी माणसं न्यायची, एरवी गावातल्यांना बाजाराला, दवाखान्याला. ही गाडी त्याला सयाजीनंच बघून दिली होती, म्हणून एवढ्या लांबून तो इथंच यायचा.

"मिसिंग मारती, मिस्त्री. मधीच ठोका चुकती," भिमाजी खाली उतरून म्हणाला.

"कधीपासून?"

भिमाजीनं गाडीकडं बघितलं, मग रस्त्याकडं. "वरीस होत आलं."

"वर्ष? आणि आता आणता होय, बाबा?"

"वाटलं, आपसूक जाईल," भिमाजी म्हणाला. गाडीच्या बाबतीत कुणी असं बोलत नाही. सयाजीला ते खटकलं, पण त्यानं हसण्यावारी नेलं.

त्यानं पुढची सीट उचलली. त्या व्हॅनचं इंजिन सीटखालीच असतं. सेल मारला, गाडी चालू झाली, स्लो रेसवर सोडली आणि सयाजी कान देऊन उभा राहिला. आधी काहीच नाही. चांगलं एकसारखं चाललेलं इंजिन. मग कुठूनतरी आतून एक थरथर आली, वाढत गेली, आख्खी गाडी हलायला लागली, आरशातलं आभाळसुद्धा थरथरलं. आता बंद पडणार असं वाटलं, तोच हळूहळू ती ओसरली. पुन्हा एकसारखं.

सयाजीच्या कपाळाला आठी पडली. प्लग मेला असेल तर गाडी लंगड्या माणसासारखी चालते. प्रत्येक पावलाला लंगडते, मध्येच बरी होत नाही. ही गाडी लंगडत नव्हती. हिला काहीतरी येत होतं आणि जात होतं.

"राहू द्या दोन दिवस," तो म्हणाला. "पेट्रोलमध्ये पाणी असंल, नायतर कॉइल तापत असंल."

भिमाजी एसटीनं गेला. जाताना त्यानं गाडीच्या मागच्या दारावर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच उभा राहिला. सयाजीनं ते बघितलं आणि सोडून दिलं.

पेट्रोलची टाकी धुतली. फिल्टर बदलला. प्लग काढून बघितले. विटकरी रंगाचे, जसे असायला हवेत तसे. तरी नवे घातले. करंटच्या वायरी बदलल्या, कॉइल बदलली. कार्बोरेटर खोलून जेट फुंकून काढले, फ्लोटची पातळी बघितली. कुठून फालतू हवा ओढतंय का म्हणून जोडाजोडावर पेट्रोलचे थेंब सोडून बघितले. कॉम्प्रेशन मोजलं; एवढ्या जुन्या गाडीला इतकं चांगलं असूच नये. दोष म्हणून एक सापडला नाही. आणि चालू केली की जरा वेळानं ती थरथर यायचीच. सयाजीला स्वतःचाच राग यायला लागला. तीस वर्षं ह्याच धंद्यात काळे केलेले हात, आणि एक मिसिंग सापडेना!

संध्याकाळी त्याची बायको शीला कामावरून आली. शीला आशाताई होती. वारूळवाडी नि आसपासच्या वस्त्यांवरच्या बायकांना दिवस गेल्यापासून बाळाच्या डोसापर्यंत तिचीच धावपळ. ती चहाचे कप घेऊन गॅरेजात आली तेव्हा गाडी चालूच होती. ती कप ठेवायची थांबली.

"केव्हाची चालू आहे?"

"झाला तास. का गं?"

 थरथर आली, वाढली, गाडी हलली, ओसरली. शीलानं कप खाली ठेवले. पुन्हा थरथर आली. ह्या वेळी जरा लवकर. पुन्हा ओसरली. शीलाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"अहो..." ती इतकं हळू बोलली की इंजिनाच्या आवाजात सयाजीला तिच्या ओठांवरूनच कळलं. "ह्या कळा आहेत."

"काय?"

"कळा. बाळंतपणाच्या. बघा ना, येतात... जातात... आणि मधली उसंत कमी कमी होतीय. मी किती बायकांच्या उशाला बसलीय, मला कळत नाही होय?"

"शीला, इंजिन आहे ते. बाई नाही."

"मग काढा ना दोष."

सयाजीनं पटकन वाकून चावी फिरवली. गॅरेजात शांतता झाली. पत्र्यावरून पाण्याचे थेंब पडत होते. गाडीच्या मागच्या भागातून एक वास येत होता, जो आधी त्याच्या नाकाला जाणवला नव्हता. हिरड्याचा तुरट वास, आणि त्याखाली ओल्या गोधडीचा. बरेच दिवस उन्हात न टाकलेल्या गोधडीचा.

दोन दिवसांनी भिमाजी आला. सयाजी काही बोलायच्या आत शीलानंच त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारलं, "बाबा, ह्या गाडीत कुणाचं बाळंतपण झालं होतं का?"

भिमाजीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग त्यानं तो न पिताच खाली ठेवला.

"झालं न्हाई, बाई," तो म्हणाला. "व्हायचं राहिलं."

त्याची सून, आरती. मोहितची बायको. मोहित चाकणला कंपनीत. पहिलं बाळंतपण घरच्या माणसांत व्हावं म्हणून तिला गावी ठेवलेलं. गेल्या श्रावणात, दिवस भरायला अजून अवकाश असताना, अचानक कळा सुरू झाल्या. घोडेगावच्या दवाखान्यात न्यायला भिमाजीनं व्हॅन काढली. मागच्या सीटवर गोधडी अंथरून आरतीला निजवलं, उशाला सासू बायडाबाई बसली. धो धो पाऊस, समोर धुकं. अर्ध्या वाटेवर, ओढ्यावरच्या मोरीपाशी झाड आडवं पडलेलं. गावातली माणसं कुऱ्हाडी घेऊन आली, झाड तोडलं, रस्ता मोकळा झाला. पण तोवर मागं सगळं शांत झालं होतं.

"मग बायडा म्हणली, मागं फिरवा. आता कशाला फुडं." भिमाजीचा आवाज कोरडा होता, रडून रडून संपलेल्या माणसाचा असतो तसा. "मीबी फिरवली. दुसरं काय सुचनार, तुमी सांगा. रस्ता मोकळा व्हता, राव. खाली दवाखान्यात दिवं लागल्यालं व्हतं. आन् मी गाडी फिरवली."

"आणि... बाळ?" शीलानं विचारलं.

 बाहेरून एक टोमॅटोची गाडी खडखडत गेली.

"घरी आल्यावर बायडा म्हणली, तिच्या पोटावर माझा हात व्हता. फिरवली तवा आत हालत व्हतं कायतरी. म्हणली, मला वाटलं गाडीचंच हादरं हाईत." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "त्या दिशी ह्यो इचार आमच्या एकाच्याबी डोक्यात आला न्हाई. आता दुसरा इचारच येत न्हाई."

 हातातला पाना सयाजी उगाच फडक्यानं पुसत राहिला. शीलाचे डोळे भरले होते, पण ती आशाताई होती; रडायच्या आधी तिला पुढचं काम दिसायचं.

"ती अजून तिथंच आहे, बाबा," ती म्हणाली. "वाटेत. तिला पोचवायला पाहिजे."

सयाजी तिला म्हणणार होता, वेडेपणा करू नको. पण भिमाजीनं ज्या डोळ्यांनी शीलाकडं बघितलं, ते बघून तो गप्प बसला. बुडत्या माणसाला कुणी तरी हात दिला होता. तो हात कशाचा आहे, हे बघायची ती वेळ नव्हती.

ते तिघं निघाले. मंचर, घोडेगाव, मग डिंभ्याचा चढ. भिमाजी गाडी चालवत होता, सयाजी त्याच्या शेजारी, आणि शीला मागं. ती सीटवर बसली नाही. सीटच्या पुढं, पत्र्यावर, उशाला बसावं तशी बसली. चढाला गाडी धापा टाकत होती. डावीकडं धरणाचं पाणी, त्यावर धुकं टेकलेलं. भाताची खाचरं हिरवीगार, त्यांत इरली पांघरून वाकलेल्या बाया. माणसं नेहमीसारखी जगत होती, आणि सयाजीला वाटत होतं, आपण भलतंच काहीतरी करायला निघालो आहोत.

मोरी आली. कडेला तोडलेल्या झाडाचं खोड अजून पडलेलं होतं, त्यावर शेवाळ धरलेलं. भिमाजीनं तिथं गाडी वळवली, तोंड खाली दवाखान्याकडं केलं आणि थांबवली. धुकं काचेला येऊन भिडलं. चार वाजून गेले असतील-नसतील, पण दिवस मावळल्यासारखा वाटत होता.

थरथर सुरू झाली. गॅरेजात झाली होती तशी नाही, खोल, लांबलचक. सीटखालून सयाजीच्या मणक्यात चढली. मागून शीलाचा आवाज आला, आणि तो ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. कारण ती त्यांच्याशी बोलत नव्हती.

"हो गं बाई... हो... झालंच... आता निघालोच बघ..."

"चला बाबा," सयाजी कसाबसा म्हणाला. "चला लवकर."

भिमाजीनं गाडी सोडली. उताराला व्हॅन अशी धावायला लागली की सयाजीनं डॅशबोर्ड घट्ट धरला. भिमाजीचा पाय ॲक्सिलरेटरवर फारसा नव्हता, हे त्याला दिसत होतं. गाडीला स्वतःलाच घाई झाली होती. कळा एकापाठोपाठ एक येत होत्या, मध्ये उसंत म्हणून नाही. मागं शीला हळू आवाजात सांगत होती, श्वास घे... सोड... घे... आणि तिच्या बोलण्याच्या मधल्या फटीत, इंजिनाच्या आवाजाखाली, दुसरंही कुणी श्वास घेत होतं. सयाजीनं मागं वळून बघितलं नाही. आपण का बघितलं नाही, ह्याची रुखरुख त्याला पुढं राहिली. पण तेव्हा मान वळेना.

दवाखान्याच्या दारात भिमाजीनं गाडी उभी केली. दिवे लागले होते. इंजिन खाली खाली गेलं, एकेक ठोका मोजून पडावा इतकं. आता बंद होणार, आता होणार. शीलानं मागचं दार सरकवलं, खाली उतरली आणि बाजूला उभी राहिली. तिनं हात पुढं केला, कुणाला उतरताना आधार द्यावा तसा.

गाडीचा मागचा भाग हलकेच वर उचलला गेला.

दारातला वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन पुढं आला होता. "पेशंट कुठाय?" त्यानं विचारलं.

"उतरली," शीला म्हणाली.

त्यानं रिकाम्या गाडीत बघितलं, शीलाकडं बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग न बोलता अंग चोरून बाजूला झाला, कुणाला वाट द्यावी तसा. का झाला, ते त्याचं त्यालाही कळलं नसावं.

इंजिन एकदा खोकलं आणि लयीत चालू लागलं. एकसारखं, मऊ, नव्या गाडीचं चालावं तसं. सयाजी कितीतरी वेळ ऐकत राहिला. थरथर आली नाही. पुन्हा आली नाही.

भिमाजीनं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं होतं. त्याचे खांदे हलत होते.

"गाडी लई हलकी झाली, मिस्त्री," तो म्हणाला. "लई हलकी झाली, राव."

सयाजीला वाटलं, सुटला म्हातारा. परतीच्या वाटेवर शीलासुद्धा तसंच म्हणाली. दोघांनीही तो विषय मग काढला नाही.

दसरा झाला. भातं पिवळी पडली. एका सकाळी, लख्ख उन्हात, व्हॅन गॅरेजाच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा आवाज इतका स्वच्छ होता की सयाजीला आधी ओळखूच आली नाही. भिमाजी मात्र ओळखू येऊ नये इतका वाळला होता.

"काय बाबा, आता काय झालं? मस्त तर चाललीय."

"तेच तर," भिमाजी म्हणाला. तो गाडीतून उतरला नाही. "मिस्त्री, एक काम करा. परत मिसिंग आनता येईल का?"

सयाजीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तवा कळत नव्हतं," भिमाजी सांगत होता. "घरी जीव लागना की मी गाडीत जाऊन बसायचो. चालू करायची. ती थरथर आली की वाटायचं, हाय पोरगी. तरास होतोय तिला, पन हाय. बायडाबी यायची, मागं बसायची गुमान. आता गाडी चालू करतो आन् नुसतं इंजिन चालतं. बायडा उंबऱ्याभायेर येत न्हाई. मोहित फोन उचलत न्हाई. सोडून आलो तिला, मिस्त्री. पुन्यांदा सोडून आलो."

 पोचवून दिलं, एवढाच सयाजीनं विचार केला होता. मागं काय उरतं, ह्याचा केलाच नव्हता. शीला असती तर काहीतरी शहाणपणाचं बोलली असती, पण ती वस्तीवर गेली होती. आणि सयाजीला बोलण्यापेक्षा हातानं करणं सोपं वाटायचं.

मिसिंग काढणं अवघड, आणणं काहीच अवघड नाही. प्लगची वायर उपटली की तो सिलिंडर मेला, गाडी लागली थरथरायला. खोटं का होईना, म्हाताऱ्याला तेवढंच समाधान. त्यानं भिमाजीच्या शेजारची सीट उचलली आणि चालू इंजिनातली पहिली वायर काढली.

आवाजात फरक पडला नाही.

सयाजीनं वायरीकडं बघितलं. हातात होती, टोक उघडं, त्यातून करंटची ठिणगी चटचटत होती. चुकली असेल म्हणून त्यानं दुसरी काढली. इंजिन तसंच, मऊ, एकसारखं. आता ते तीनपैकी एकाच सिलिंडरवर चालत होतं. एका सिलिंडरवर ही गाडी चालूच शकत नाही.  त्यानं तिसरी, शेवटची वायर धरली, आणि ओढली.

इंजिन चालत राहिलं.

"बाबा..." सयाजी म्हणाला. "गाडी बंद करा."

भिमाजीनं खिडकीतून हात बाहेर काढला. त्याच्या बोटांत चावी लोंबत होती. "मघाशीच काढली," तो म्हणाला. "तुमी सीट उचलली तवाच. म्हनलं, भाजायला नको तुमाला."

मघाशी दिसलेली ठिणगी मग कशाची होती, हे विचारायचं सयाजीला सुचलं नाही. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. समोरच्या टपरीवर कुणीतरी हसत होतं. डिंभ्यापासून तापत आलेल्या त्या इंजिनावर हात ठेवायचा नसतो, कातडं सोलून निघतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी त्यानं तळवा ठेवला, बायडाबाईनं आरतीच्या पोटावर ठेवला होता तसा.

भाजलं नाही. लोखंड कोमट होतं. माणसाचं अंग असतं तेवढंच. आणि तळव्याखाली, आत, काहीतरी भराभर हलत होतं, त्या संथ आवाजापेक्षा कितीतरी वेगानं.

"काय झालं, मिस्त्री?" भिमाजीनं विचारलं.

सयाजीला हात काढवेना.